मधाळे सरांचा चार्ज

कॉलेजचं पत्र आलं तेव्हा प्रसेनजीत मधाळे ग्रंथालयात तांदळाची पोती मोजत होता. यात वावगं काही नव्हतं. पेठ वडगावच्या त्या विद्यालयात पोषण आहाराच्या तांदळाला कोरडी जागा तेवढी एकच होती, आणि स्वतःचा तास नसलेला माणूसही एकच होता, तो म्हणजे ग्रंथपाल. ज्याला तास नाही त्याला काम नाही, आणि ज्याला काम नाही त्याच्याकडं सगळी कामं. ऑफ तास, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन फॉर्म, मतदारयाद्या, लेझमाच्या जोड्या. अशी अकरा वर्षं.

त्याआधी सहा वर्षं तो कोल्हापुरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात कंत्राटी होता. तिथं नोकरीचा भरवसा नव्हता, पण माणसं येऊन प्रश्न विचारायची. एखादी पीएच.डी. करणारी बाई सकाळी यायची, चांदीकामातल्या बायकांवर कुठं काय लिहून आलंय म्हणायची, आणि दुपारपर्यंत प्रसेनजीत तिच्यापुढं सतरा संदर्भ मांडायचा. मग लग्न ठरलं, घरच्यांनी कायम नोकरी बघ म्हटलं. ‘कायम’ म्हणजे काय, ते त्याला वडगावात आल्यावर नीट कळलं.

आता त्रेचाळिसाव्या वर्षी कोल्हापुरातल्याच एका कॉलेजात ग्रंथपालाची जागा निघून पुन्हा दार उघडलं होतं. मुलाखतीत एका तज्ज्ञांनी विचारलं, “शाळेत अकरा वर्षं. त्यात ग्रंथालयाचं काम शेवटचं कधी केलंत?”

“रविवारी,” प्रसेनजीत म्हणाला. “घरी.”

सगळे हसले, आणि त्यालाच घेतलं. पत्रात लिहिलं होतं, पंधरा तारखेपर्यंत कार्यमुक्तीच्या दाखल्यासह रुजू व्हावे, अन्यथा प्रतीक्षा यादीतील पुढील उमेदवारास संधी देण्यात येईल.

मुख्याध्यापक धैर्यशील सरांनी अर्जाच्या वेळी ना हरकत प्रमाणपत्र हसत हसत दिलं होतं, कारण याची निवड होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. आता त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

“अहो, जावा की! तुम्हाला धरलंय कुणी? अभिमानाची गोष्ट हाय शाळेच्या. फक्त चार्ज द्या आणि जावा.”

“कुणाला देऊ?”

“ते तुम्ही बघा. घेणारा माणूस दाखवा, मी लगेच कार्यमुक्त करतो.”

इथं खरी मेख होती. ग्रंथालयाचा चार्ज म्हणजे दाखल नोंदवहीतली सगळी पुस्तकं सहीनिशी ताब्यात घेणं. एक कमी निघालं तरी सही करणाऱ्याची जबाबदारी. अकरा वर्षांपूर्वी प्रसेनजीतनंही ती सही केली होती. हजर झाला त्याच दिवशी आधीच्या ग्रंथपालांचा निरोप समारंभ होता. म्हातारा फेटा बांधून व्यासपीठावर बसलेला, संस्थेचे अध्यक्ष घाईत, आणि कुणीतरी हार आणि भाषण यांच्या मधल्या फटीत नोंदवही याच्यापुढं सरकवली. ‘सर्व ग्रंथ तपासून ताब्यात घेतले.’ एका हातात जिलेबीची बशी होती, म्हणून दुसऱ्या हातानं त्यानं सही केली.

दुसऱ्या महिन्यात त्यानं गुपचूप मोजणी केली. कागदावर आठ हजार तीनशे बारा. कपाटांत सहा हजार एकशे चार. बाकीची कुठं गेली ते गावाला ठाऊक होतं, ग्रंथालयाला नव्हतं. चांगले जाड संच अध्यक्षांच्या दिवाणखान्यात काचेआड कुस्तीच्या गदेशेजारी उभे होते. प्रसेनजीत कुणाला काही बोलला नाही. कपाटांना कुलपं लावली, किल्ल्या कमरेला अडकवल्या, आणि उरलेली तरी जाऊ नयेत म्हणून पोरांना पुस्तक देणंच बंद केलं. वार्षिक तपासणीत त्याचा शेरा नेहमी उत्तम असायचा.

त्यानं स्टाफरूममध्ये एकेकाला विचारून पाहिलं. गणिताच्या सरांना अचानक पाठदुखी झाली. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, “किल्ल्या तेवढ्या ठेवून जा सर, सही नका मागू.” कृष्णात सरांनी तर त्याला दुरून पाहिलं की मोबाइल कानाला लावायला सुरुवात केली.

“सर,” शिपाई केरबा म्हणाला, “हितं आल्याला माणूस रिटायर हूनच जातोय. न्हायतर डायरेक्ट वर.”

तेरा तारखेला कॉलेजच्या क्लार्कचा फोन आला. “सर, येताय न्हवं? तो यादीतला दुसरा माणूस रोज फोन करून तुमची तब्येत विचारतोय.”

त्याच दुपारी धैर्यशील सरांनी माणूस शोधून काढला. अवनी मॅडम, शिक्षणसेवक, शाळेत येऊन तीन महिने. नोंदवही उघडी होती, वाक्य टाइप करून चिकटवलेलं होतं, खाली रेघ.

“कुठं करू सर?” पेनचं टोपण काढत तिनं प्रसेनजीतला विचारलं.

फक्त बोट दाखवायचं होतं. सकाळीच साक्षीनं, त्याच्या बायकोनं, कॉलेजला घालायचा शर्ट इस्त्री करून दाराच्या खिळ्याला अडकवला होता. वडगावातून सुटणारी कोल्हापूरची एसटी खिडकीतून दिसत होती. बोट उचललंही होतं त्यानं.

“मोजून घ्या, मॅडम,” तो म्हणाला.



“मधाळे,” धैर्यशील सर म्हणाले, “तुम्ही जाणारा माणूस. मधी बोलू नका.”

“किती आहेत पुस्तकं?” अवनीनं विचारलं.

“कागदावर आठ हजार तीनशे बारा.”

“आणि कपाटात?”

“सहा हजार एकशे चार.”

तिनं टोपण लावलं. “सर, माझा सातवीवर तास आहे,” म्हणून ती उठली. शाळेत तिचं अजून काही शिकायचं राहिलं असेल, पण पळायचं कधी हे तिला आधीच कळत होतं.

“केलंत न्हवं वाटोळं!” धैर्यशील सरांनी टेबलावर हात आपटला. “सही करत होती की ती!”

“पोरगी अडकली असती, सर.”

“आणि आता? मला कळालं नसतं तर मी तुम्हाला आज सोडलं असतं. आता कळालंय. कळाल्यावर सोडलं तर मी आत जातोय! चौकशी लावायला पायजे.”

“अकरा वर्षं तुम्हाला ठाऊक होतं.”

“ठाऊक होतं. कळालं नव्हतं.” एवढं बोलून ते अध्यक्षांना फोन करायला आत गेले.

चौदा तारखेला समिती नेमली गेली. अध्यक्षपदी संस्थेचे अध्यक्ष, कारण पुस्तकांविषयी त्यांना आस्था होती. सदस्य मुख्याध्यापक. सचिव म्हणून, परंपरेप्रमाणे, ग्रंथपाल. अहवाल येईपर्यंत कोणासही कार्यमुक्त करू नये, असा ठराव झाला. तो प्रसेनजीतनंच लिहून काढला, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं. बैठक पुढच्या महिन्यात, अध्यक्षांच्या घरचं लग्न उरकल्यावर.

पंधराला त्यानं कॉलेजला मुदतवाढ मागितली. क्लार्कनं प्राचार्यांना विचारून तासाभरात फोन केला. “न्हाय म्हणाले, सर. साडेपाचला ऑफिस बंद हुतंय. त्या यादीतल्या दुसऱ्याला बोलवू काय?”

प्रसेनजीत तांदळाच्या पोत्यावर बसला होता. समोर कपाटाच्या काचेत पुस्तकांचे कणे एका रेषेत उभे होते.

“बोलवा,” तो म्हणाला.

मग त्यानं दिवसाचं राहिलेलं काम केलं. सचिव या नात्यानं एक पत्र लिहिलं: दोन हजार दोनशे आठ ग्रंथ गहाळ असल्याचे निदर्शनास आले असून ग्रंथपालांनी सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. जावक क्रमांक टाकला, घडी घातली, आणि केरबाला हाक मारली.

केरबानं पत्र घेतलं, वरचं नाव वाचलं, दारापर्यंत गेला आणि परत आला.

“सर, तुमचं पत्र आलंय.”

“दे.”

प्रसेनजीतनं ते उघडून वाचलं आणि पोचवहीत सही केली.

“तारीख टाका की,” केरबा म्हणाला.

त्यानं टाकली. पंधरा.