हिर्डोशीचा चढ

"लाल आलं, दादा! परत लाल!"

मिताली ओरडली तसा विराजने पाय उचलला आणि गाडी हिर्डोशीच्या पुढच्या चढावर रुसल्यासारखी मंदावली. बहिणीच्या मांडीवर लॅपटॉप, त्याची वायर स्टिअरिंगखाली खोचलेली. टर्बोचा दाब त्याने स्वतःच वाढवला होता, इंजिनाची सेटिंग बदलणारी फाईल नेटवरून उतरवून. गाडी सपाटीला अशी सुटायची की बस! पण चढाला लागली की पेट्रोल वेळेआधीच पेटायचं, इंजिन आतून ठोके खायचं, आणि ठोका बसला की स्क्रीनवर लाल रेघ. असंच चाललं तर पिस्टन गेलाच. आणि गाडी बाबांची! निवृत्त झाल्यावर शरच्चंद्रांनी हौसेनं घेतलेली, रोज स्वतः पुसलेली. त्यांना यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"पुढच्या रविवारी शेवटचं," विराज म्हणाला. "नाही जमलं तर कंपनीची फाईल परत टाकतो."

आठवडाभर तो आकड्यांशी झटला. दाब थोडा उतरवला, ठिणगी जरा उशिरा पडेल असं केलं. रविवारी परत तोच चढ, आणि वळणावर गेनबा धनगराची मेंढरं आडवी.

"सासुरवाडी वर हाय का रं तुजी?" गेनबा काठी टेकून हसला. "सारका चढतूस न् उतरतूस!"

मेंढरं सरली. विराजने पाय दाबला. गाडी ओढत गेली, ओढतच गेली, आणि मिताली गप्प.

"अगं, बोल की!"

"काय बोलू? लाल आलंच नाही."

विराज खाली उतरून रस्त्यातच असा नाचला की खालच्या वळणावरची गेनबाची मेंढरं उधळली.

घरी आल्यावर आनंद पोटात मावेना. बाबा बोनेट पुसत होते. सांगूनच टाकू म्हणून तो जवळ गेला.

"बाबा, गाडीचं एक सांगायचं होतं."

"चढाला आता तडतडत नाही ना?"

विराजने दाराकडे बघितलं. मितालीने सांगितलं की काय?

"भाटघरला जाताना लाह्या फुटल्यासारखा आवाज यायचा. कापूरहोळला गॅरेजवाल्या आनंदरावांना दाखवली. म्हणाले, घरात कुणी लॅपटॉपवालं आहे का? म्हटलं, आहे एक." बाबांनी फडकं झटकलं. "मग म्हणाले, भारीतलं पेट्रोल घाला. गुरुवारी तेच भरलंय."

दारामागून मितालीचं खुसखुसणं ऐकू आलं. भारीतलं पेट्रोल! फाईलवाल्याने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, हेच भरा, नाहीतर ठोके बसतील. पण टाकी बाबाच भरणार, मग मागणार कोणत्या तोंडानं? आणि आठवडाभर केलेली ती सगळी झटापट...

"उद्या कंपनीची फाईल परत टाकतो, बाबा," तो पुटपुटला.

आई ऐकत नाही ना, म्हणून बाबांनी स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतलं. मग फडकं पिळत हळूच म्हणाले, "परवा घाटात टेम्पोला मागं टाकायला गेलो, तर नेहमीसारखी उचलेना. तू काही कमी केलंयस का रे?"