उद्याच्या तारखेची चिठ्ठी

शेजारच्या अंबूबाईने माझ्या मुलाला पुण्याला फोन केला तो बाजाराच्या पिशवीमुळे. कबनूरचा आठवडी बाजार दुसऱ्या दिवशी होता आणि मी आदल्या दिवशीच पिशवी घेऊन निघाले होते.

"पारूबाई, बाजार उद्या हाय की," ती दारातून म्हणाली.

मी हसून परत फिरले. तिला ते हसणं पटलं नाही. महिन्यात दुसऱ्यांदा असं झालं होतं.

मार्च महिना होता, २००७ सालचा. प्रसेनजीत गुरुवारी पहाटेच्या गाडीने आला. चहा घेता घेता त्याने सांगून टाकलं, "आज कोल्हापूरला, शाहूपुरीत डॉक्टरकडं जायचं. त्यांनी डोकं बरोबर न्हाय म्हटलं तर खोलीला कुलूप लावायचं आणि तू माझ्याबरोबर चलायचं."

"आणि बरोबर हाय म्हटलं तर?"

"तर ऱ्हा मग तुझी तू."

त्याच्या घरी मी एकदा पंधरा दिवस राहून आले होते. चौथा मजला. दोघं नवराबायको सकाळी कामाला जायची, दाराला बाहेरून कुलूप लागायचं. इथं निदान दार माझ्या हातात होतं.

कोपऱ्यातल्या गादीच्या वळकटीकडे त्याचं लक्ष गेलं. तिच्या दोरीत एक चिठ्ठी खोचलेली होती. 'प्रसेनजीत. २६ जानेवारी.'

"हे काय?"

"जुनं हाय ते," मी म्हणाले. सव्वीस जानेवारीला जोडून सुटी मिळतेय, येतो, असं तोच म्हणाला होता. त्यालाही आठवलं असावं. तो कप विसळायला उठला.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयाने लहान होती, आवाज मात्र मोठा. तिने मला तीन शब्द दिले. चिंच, कुलूप, बैल. मग विचारलं, "मावशी, आज तारीख कुठली?"

"तेवीस."

"वार?"

"शुक्रवार."

प्रसेनजीतने खाली मान घातली. त्या क्षणी मला कळलं की आज बावीस आहे, गुरुवार आहे. पण तिचं पेन चाललं होतं. खोलीचं दार, नळाची जागा, अंबूबाईची खोकल्याची उबळ, सगळं डोळ्यापुढून गेलं.

"विसातनं तीन गेले?"

"सतरा." पुढेही विचारलं, ते सगळं सांगितलं.

"मघाचे शब्द?"

"चिंच, कुलूप, बैल."

तिने पेन थांबवलं. "हे ध्यानात हाय, मग तारीख कशी चुकली?"

मग मी सांगितलं. तीस वर्षं मी यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरल्या. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारं सुताचं रीळ. आज भरलेली कांडी उद्याच्या पाळीला लागायची, म्हणून पेटीला उद्याच्या तारखेची चिठ्ठी लावायची. आधी चिठ्ठ्या दिवाणजी लिहायचे. चौऱ्याण्णव साली, पंचावन्नाव्या वर्षी, मी साक्षरतेच्या वर्गाला गेले आणि चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या. अक्षर आलं तेव्हापासून मी फक्त उद्याची तारीख लिहिली. काम सुटलं, पण सवय राहिली. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा आजचं पान कॅलेंडरवरून फाडते. आजचा दिवस हातात आलाच आहे, त्याला भिंतीवर कशाला ठेवायचं? दिवसभर समोर उद्याचाच दिवस दिसतो. एखाद्या वेळी तोच तोंडात येतो.

"आणि उद्या काय असतंय?"

"काय तरी असतंय की. कोण तरी येतंय."

ती हसली. प्रसेनजीत हसला नाही.

"उमेद धरून राहणाऱ्यांचं डोकं म्हातारपणी जास्त टिकतं, असं अभ्यासात दिसतंय," ती त्याला म्हणाली. "खात्री मी कुणाचीच देत नाही. पण यांना आज काही झालेलं नाही. सहा महिन्यांनी परत आणा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, दिवसभरात बोलता कुणाशी?"

"गल्ली भरलीय की माणसांनी," मी म्हणाले.

अंबूबाई नळाला येते तेवढंच बोलणं होतं. ते सांगितलं असतं तर कुलूप लागलं असतं.

तीन वाजता आम्ही इचलकरंजीच्या स्टँडवर होतो. त्याला रात्रीच्या आत पुण्याला पोचायचं होतं. त्याचा चेहरा सकाळपेक्षा मोकळा दिसत होता. वाईट वाटायचं काही कारण नव्हतं, मलाही तेच हवं होतं.

"चौदा एप्रिलला येतो, जयंतीला," तो म्हणाला.

"पोरीला घिऊन ये."

"बघतो की. तिची परीक्षा असंल."

गाडी वळेपर्यंत त्याने हात हलवला. मी चालतच कबनूरला आले. अंबूबाई दारात उभी होती.

"काय म्हटला डॉक्टर?"

"डोकं बरोबर हाय म्हटली."

"मग आज वार कुठला, सांग बघू?"

"गुरुवार. आता तुझा फोन ठेव खाली."

ती हसत आत गेली. मी खोली उघडली. गादी तो आला त्या वेळी होती तशीच वळलेली होती, दोरीसुद्धा सुटली नव्हती. जुनी चिठ्ठी काढली, कागदाचा नवा तुकडा घेतला आणि सावकाश लिहिलं, 'प्रसेनजीत. १४ एप्रिल.' शाई वाळल्यावर ती दोरीत खोचली.

मग काही काम उरलं नाही. भिंतीवर शुक्रवार होता. गुरुवारचं ऊन अजून उंबऱ्यावरच होतं.