दोन बोटांपुरतं झाकण

शनिवारचं उड्डाण आटोपलं, तिनं तेल मोजलं, इंजिनाच्या तेलाच्या नळीचं झाकण दोन बोटांनी लावलं. बाबांनी ते लगेच मूठ आवळून आणखी पिळलं. नेहमीप्रमाणे, सगळ्यांदेखत.

"बाबा, इंजिन तापलंय. गार झालं की झाकण जाम बसतं."

"आणि हवेत उडालं म्हणजे? काचेवर तेल आलं की कळेल, इंजिनिअरीणबाई!"

हँगरमध्ये हशा पिकला. सर्वांत मोठ्यानं हसला तो त्या छोट्या विमानातला बाबांचा भागीदार. जन्मभर पोस्टात नोकरी केली, तरी सगळे त्याला कॅप्टन म्हणत. तिनं हात पुसले. विमानदुरुस्तीचं लायसन तिचं, इंजिन उघडून जोडलं तिनं, विमान उडण्याजोगं असल्याची सही तिची; शेवटचा पीळ मात्र बाबांचा. परतताना बाबांनी कच्च्या टोमॅटोंवरून भाजीवाल्याशी मनसोक्त हुज्जत घातली. ती गाडीतच बसून राहिली.

रविवारी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

महिन्याभरानं कॅप्टननं फोन केला. इंजिन पडून राहणं बरं नव्हे, आणि झाकण काही हलत नव्हतं.

"त्याचा हात म्हणजे हात!" ती पोचताच तो कौतुकानं म्हणाला. "तुझ्याच्यानं व्हायचं नाही, पोरी. सरक बाजूला." त्याच्या हातात भलीमोठी पक्कड होती.

"काका, ती खाली ठेवा."

"अगं, एक हिसका दिला की…"

"हिसका दिला की नळी तडकेल. मग मी सही करणार नाही, आणि तुम्ही विमान दिवाणखान्यात मांडून ठेवा."

"बापासारखीच तापट!"

"बापासारखी असते तर इतकी वर्षं ऐकून घेतलं असतं का?"

कॅप्टननं पक्कड ठेवली. तिनं कापडी पट्ट्याचा पाना झाकणाभोवती गुंडाळला आणि सावकाश ओढला. पट्टा घसरला. पुसून पुन्हा गुंडाळला. या खेपेला कट्कन आवाज झाला, झाकण किंचित फिरलं आणि तिचा हात तिथंच थांबला. बाबांच्या हातचं निदान एवढं तरी अजून घट्ट होतं. तेही तिनंच सोडवायचं! तिला संताप अनावर झाला.

मग तिनं झाकण काढलं. त्यालाच जोडलेली मोजपट्टी पुसली, तेल मोजलं. पुरेसं होतं. झाकण परत बसवलं, दोन बोटांनी फिरवलं, हात काढून घेतला.

कुणीच पुढे आलं नाही. कॅप्टन हात पाठीमागे बांधून उभा होता.

ती इंजिनाकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "बाबा, मी लावलेलं झाकण एकदाही सुटलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं ते. मग माझ्यामागून कशाला पिळायचात? एकदा तरी म्हणायचं होतंत, बरोबर लागलंय म्हणून. फार राग आलाय मला तुमचा. फार."