नहलाचा डोंगराचा बेत

मीना बंदराच्या धक्क्यावरून वर आलं की चौथं दुकान नहलाचं. सव्वीस वर्षं ती तिथे शिवणयंत्रावर बसत होती. आधी बोटींची शिडं, मग खानावळींची कनाती-छतं, आणि गेली नऊ वर्षं पॅराग्लायडरची कापडं. उडवणारे त्याला पंख म्हणत, म्हणून तीही पंखच म्हणायची. वर बशर्रीला, देवदारांच्या डोंगरात, उन्हाळा लागला की हे उडवणारे पंख घेऊन कड्यावरून झेपावत. बेरूतहून आलेल्या पाहुण्यांनाही सोबत घेऊन उडत. पंख कुठे फाटला, उसवला, की पिशवीत कोंबून तो सकाळच्या बसने खाली येई आणि चार दिवसांनी नहलाच्या हाताखालून निघून परत वर जाई.

पंख वर जात, नहला मात्र कधी गेली नव्हती. रस्ता दीड तासाचा. शाळेची सहल ठरली तेव्हा लढाई सुरू झाली. लढाई संपली तेव्हा कडेवर मुलगा, वसीम, होता, आणि त्यानंतर दुकान. आता तिला अठ्ठावन्नावं चालू होतं, वसीम जर्मनीत होता, आणि डोंगर रोज सकाळी दुकानाच्या दारातून दिसत होता.

एप्रिलच्या शेवटी तन्नूसचा पंख आला. तन्नूस बशर्रीचा, चाळिशीचा, पाहुण्यांना उडवून आणणाऱ्यांत सगळ्यांत जुना. चिठ्ठीत लिहिलं होतं : दोन बोटं फाटलंय, ठिगळ लावा, शुक्रवारी हवाय.

नहलाने कापड टेबलावर पसरलं, हात फिरवला आणि थांबली. मग तिने मासे तोलायचा स्प्रिंगकाटा काढला. हा तिचा स्वतःचा जुगाड होता. काट्याच्या आकड्याला सुई बांधायची, सुई कापडात टोचायची आणि हळूहळू ओढायचं. चांगलं कापड बऱ्यापैकी ओढ सोसतं. हे कापड काटा जेमतेम हलला तोच टरकलं. तिने पाच ठिकाणी टोचून पाहिलं. पाचही ठिकाणी तेच.

तिने फोन लावला. "तन्नूस, मी याला ठिगळ लावणार नाही."

"का हो मुअल्लिमा? दोन बोटांचं तर काम आहे!" मुअल्लिमा म्हणजे कारागीरबाई, उस्ताद. वरचे सगळे तिला तसंच म्हणत.

"दोन बोटांचं नाही, सगळंच गेलंय. उन्हाने खाल्लंय."

"अहो, मागच्या हंगामात उडवलाय मी तो! रविवारी लागणार आहे मला. तुम्ही शिवा, पुढचं मी बघतो."

"माझ्या सुईने नाही शिवणार. दुसऱ्या कुणाकडे ने."

तो चिडून स्वतःच खाली आला. दुकानात शिरताना त्याने सलामही नीट केला नाही.  नहलाने पंखाची एक कड त्याच्या हातात दिली, दुसरी आपण धरली. "ओढ," ती म्हणाली. त्याने ओढलं, आणि दोघांच्या मध्ये कापड वर्तमानपत्रासारखं उभं फाटत गेलं.

तन्नूस खुर्चीवर बसला. फाटलेली कड त्याच्या हातातच होती. मग म्हणाला, "रविवारी रीमाचा वाढदिवस आहे. माझी मुलगी. बारा पूर्ण. तिला पहिल्यांदा वर घेऊन जाणार होतो. याच पंखावर."

नहलाने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. त्याने ती तशीच गार होऊ दिली.

रीमाचा वाढदिवस झाला, केक कापून, जमिनीवरच. आणि सोमवारी सकाळी त्याचा फोन आला. "मुअल्लिमा, तुम्ही वर यायचं. मी तुम्हाला उडवणार."

"वेड लागलंय का तुला?"

"मी आणि माझी बायको, दोघांनी ठरवलंय. अबू वसीमना घेऊन या. जेवण आमच्याकडे. तारीख तेवढी तुम्ही सांगा."

नहलाने तीन आठवडे तारीख सांगितली नाही. कधी काम आहे म्हणाली, कधी कंबर धरलीय म्हणाली. तन्नूस दर सोमवारी फोन करत राहिला. तिच्या नवऱ्याने, रियादने, हे फोन ऐकले होते. थोरल्या मुलाच्या नावावरून लोक त्याला अबू वसीम, वसीमचा बाप, म्हणत, आणि तिला उम्म वसीम, वसीमची आई. रियाद आयुष्यभर मासेमारी केलेला माणूस. त्याला पायाखाली पाणी असलं की बरं वाटे.

"समुद्रात पडलं तर माणूस पोहतो," तो म्हणाला. "तिथे पडलीस तर काय करशील, उम्म वसीम? हात हलवशील?"

"मी जातेय असं म्हटलंय का मी?"

"मग त्याला नाही म्हणून टाक."

"तेही म्हटलेलं नाही."

वरच्या मजल्यावर रियादची बहीण वफा राहायची. तिच्या कानाला भिंती आडव्या येत नसत. ती जिना उतरून आली आणि दारातच म्हणाली, "मीही येणार. तुला उडताना बघायला मी रांगत सुद्धा येईन. पण त्या माणसाला तुझं वजन विचार म्हणावं आधी. डोंगर खचायचा."

आणि तन्नूसने खरोखरच वजन विचारलं.  "अहो, राग मानू नका," तो घाईघाईने म्हणाला, "माणसाच्या वजनावर पंख ठरतो. किती मोठा घ्यायचा ते."

"ब्याऐंशी," नहला म्हणाली, आणि मागून वफा ओरडली, "अठ्ठ्याऐंशी! पडण्यापेक्षा खरं सांग!"

"अठ्ठ्याऐंशी धरतो," तन्नूस म्हणाला. "मग मोठ्यांपैकी एक. निळा आहे, नाहीतर तुमच्या ओळखीचा नारिंगी. नारिंगी जास्त चांगला, शांत आहे."

त्या फोननंतर बेत पक्का झाला. कोणी 'हो' म्हटलं नाही, पण रियादने कपाटावरून पिशवी काढली आणि पुसली, तेव्हा सगळ्यांना कळलं. जूनचा दुसरा रविवार. त्याने कागदावर लिहायला घेतलं : रक्तदाबाच्या गोळ्या, वळणांवर चोखायला लिंबू, नहलासाठी दोन स्वेटर, वफासाठी गप्प बसायचं औषध. शेवटचं त्याने मुद्दाम मोठ्याने वाचलं. वफाने त्याच्या पाठीत धपका घातला. न्यायला काय घ्यायचं यावरून दोन दिवस वाद चालला. वफा म्हणे हल्लाबच्या दुकानातली मिठाई, रियाद म्हणे मासे, बर्फात घालून. डोंगरातल्या माणसाला मासेच द्यावेत, मिठाई काय, कुठेही मिळते.

नहला यात फारशी नव्हती. तिला नारिंगी पंख आठवत होता.

तिला सगळे पंख आठवत. कोणता कुठे उसवला होता, कुठल्या दोरीचा फास तिने बदलला, सगळं. नारिंगी तिच्याकडे दोन वर्षांपूर्वी आला होता, फेब्रुवारीत. मधल्या तीन खणांच्या, म्हणजे हवा भरते त्या कप्प्यांच्या, शिवणी नव्याने घालायच्या होत्या. त्याच आठवड्यात तिची आई गेली होती. लोक भेटायला येत होते, आणि ती त्यांच्यातून उठून दुकानात येऊन बसे, कारण तिथे कुणी बोलत नसे. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. शिवण सरळ गेली की नाही हे तिने तेव्हा तपासलं होतं का? आठवेना. तीच शिवण घेऊन तन्नूस दोन वर्षं पाहुण्यांना उडवत होता. हा विचार आला आणि ती घाबरली. स्वतःसाठी नाही. त्याच पंखावर आपणही बसणार आहोत, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

तिने फोन केला. "नारिंगी खाली पाठव."

"तो? अहो, तो ठणठणीत आहे. दोनशे वेळा तरी उडालाय."

"माहीत आहे. तरी पाठव." मग ती थोडी थांबली. "ते मी वाईट दिवसांत शिवलंय, तन्नूस. मला परत बघायचंय."

ऐन हंगाम होता. त्याच्या वहीत त्या आठवड्यात पाहुणे लागलेले असणार. नहला वाद ऐकायच्या तयारीने उभी होती.

"उद्याच्या बसने येईल," तन्नूस म्हणाला. "तुम्ही सांगाल तोवर मी तो उडवत नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानाचं दार अर्धं लोटून ती बसली. भिंग घेऊन तिन्ही खण टाक्याटाक्याने पाहिले. सकाळपासून दुपारपर्यंत. काट्याने ओढून पाहिलं. टाके एकसारखे होते, तिच्या नेहमीच्या टाक्यांसारखेच, एके ठिकाणी तर दुहेरी. म्हणजे त्या दिवसांतसुद्धा हाताला कळलं होतं की इथे जोर येतो, इथे परत फिरायला हवं. नहलाने भिंग खाली ठेवलं आणि तिला रडू आलं. आईसाठी तेव्हा नीट रडायला झालं नव्हतं, ते सगळं आता आलं. रियाद डबा घेऊन आला तो दारातच थांबला. मग आत आला. डबा ठेवला, शेजारी बसला, आणि पंखाची एक कड मांडीवर घेऊन, जाळं तपासावं तशी, बोटांनी चाचपत राहिला.

"चांगलं काम केलंयस," थोड्या वेळाने तो म्हणाला. "मी बसलो असतो यावर."

"बसशील?"

"असतो म्हटलं. बसेन नाही म्हटलं."

दुसऱ्या रविवारी वर वारा फिरला. तिसऱ्या रविवारी ढग. दोन्ही वेळा तन्नूसने पहाटेच फोन करून नको म्हटलं, आणि दोन्ही वेळा रियादने बर्फातले मासे काढून शेजाऱ्यांना वाटले. चौथ्या रविवारी फोन आला नाही. ते निघाले.

वळणांवर लिंबू वफालाच लागलं. नहला खिडकीला नाक लावून होती. दरी एका बाजूने खाली खाली जात होती, कड्यांना मठ चिकटलेले, आणि वर, ऐन उन्हाळ्यात, डोंगराच्या घडीत बर्फाची पांढरी रेघ. तिला दुकानातून दिसायचा तो डोंगर निळा असे. जवळून तो तपकिरी निघाला.

देवदारांच्या वरच्या उतारावर तन्नूस वाट बघत होता. एकटा नव्हता. सहा-सात उडवणारे होते, काही जणांच्या बायका, आणि रीमा, उंच, दातांना तार लावलेली. नहलाला यातला तन्नूस सोडून एकही चेहरा माहीत नव्हता. त्यांना मात्र ती माहीत होती. एकेक जण पुढे आला. "मुअल्लिमा, मी पिवळ्यावाला. डाव्या टोकाला फांदीत अडकला होता."

"अकरा टाक्यांचं ठिगळ," नहला म्हणाली. "आतून दुसरं लावलंय. झाडापासून लांब राहात जा."

सगळे हसले. दुसरा म्हणाला, "माझ्या दोऱ्या तुम्ही बदलल्या." तिसऱ्याने तिचा हात हातात घेतला, जुनी माणसं घेतात तसा, दोन्ही हातांनी, आणि सोडलाच नाही लवकर. तन्नूसच्या बायकोने तिला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "पोरगी माझी तुमच्यामुळे आहे."  नहलाने तिची पाठ थोपटली. नऊ वर्षं ती एकटी बसून शिवत होती असं तिला वाटलं होतं.

तन्नूसने तिला पट्टे बांधले, कड्या लावल्या, आणि प्रत्येक कडी ओढून तिला दाखवली. तिने प्रत्येक कडी परत स्वतः ओढून पाहिली. तो थांबून राहिला. मागे उतारावर नारिंगी पंख पसरला होता.

"पळायचं," तो म्हणाला. "मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही. बसायचंही नाही."

"बाई गं," वफा मागून म्हणाली, "ही लग्नातसुद्धा पळाली नव्हती!"

नहला पळाली. चार पावलं, पाच, सहावं पाऊल जमिनीला लागलं नाही. डोक्यावर कापडाने श्वास भरल्यासारखा आवाज झाला आणि मग एकदम शांत. तिने वर पाहिलं. तिने नऊ वर्षांत पंख कायम टेबलावर पाहिला होता, पडलेला, चुरगळलेला. भरलेला कधीच नाही. नारिंगी खणांतून ऊन गाळून येत होतं आणि मधल्या तीन खणांवर तिच्या शिवणी काळ्या रेघांसारख्या सरळ उभ्या होत्या.

"घाबरलात?" तन्नूसने मागून विचारलं.

"बोलू नकोस. बघू दे."

त्याने तिला दरीवरून नेलं, बशर्रीची लाल कौलं, सफरचंदांच्या बागा, मग मोठा फेर घेऊन पश्चिमेला वळवलं. तिथे, धुक्याच्या पलीकडे, समुद्राची कड दिसली, आणि त्या कडेवर एक करडा ठिपका. "ते मीना," तो म्हणाला. नहलाने त्या ठिपक्याकडे हात केला, कुणाला तरी सांगावं तसा.

बागेशेजारच्या शेतात ते उतरले. उतरताना ती पायांवर न राहता गवतात आपटली आणि तशीच बसून राहिली. रियाद गाडीतून उतरून धावत आला. त्याच्या वयाला धावणं शोभत नव्हतं. त्याने तिचे हात-पाय चाचपले, तोंड पाहिलं, आणि मग जणू सगळा राग तन्नूसवर काढायचा म्हणून त्याच्याकडे वळला. पण शब्द निघाले ते असे : "अल्ला तुझे हात सलामत ठेवो, बाबा."

"त्यांचे," तन्नूस नहलाकडे बोट करून म्हणाला.

जेवायला तन्नूसच्या अंगणात अक्रोडाखाली टेबलं जोडली होती. मासे रियादने स्वतः भाजले, कुणाला हात लावू दिला नाही. वफा उडवणाऱ्यांतल्या एका विधुराला त्याचं वजन विचारत होती. रीमा नहलाशेजारी येऊन बसली आणि तिच्या बोटांवरचे सुईचे डाग बघत म्हणाली, "बाबा म्हणतात, नवा पंख आलाय, पण आधी तुम्ही बघणार, मगच मला नेणार."

"आण," नहला म्हणाली.

"आत्ता? तुम्ही जेवताय."

"जेवण झाल्यावर. ऊन आहे तोवर."

टेबलाच्या टोकाला रियाद माशाचा काटा काढता काढता तन्नूसला हळूच विचारत होता, पंचाहत्तर किलोच्या माणसाला कोणता पंख लागतो. उगाच. माहिती म्हणून.