आवाजाची वही

आमच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारा सुतार एकटाच राहायचा. काम सुटलं तरी त्याच्या हातातली हातोडी काही सुटली नव्हती. मी त्याला ठोक्या म्हणायचो. मी घरीच घड्याळं दुरुस्त करतो. भिंगातून बघत केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरावा आणि वर ठाण्! मग तो स्क्रू कुठे जातो, ते देवालाही ठाऊक नसतं.

चार वेळा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी नगरपालिकेच्या तक्रार विभागात गेलो. तिथल्या साहेबांनी कायदा समजावला. पंधरा दिवस वही ठेवायची. आवाज कधी सुरू झाला, कधी थांबला, कसा होता, सगळं लिहायचं.

"आणि तोवर घरातल्या कुणी वर जायचं नाही," ते म्हणाले. "गेलात की तक्रार बाद."

वेळा लिहायला माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता.

अकराव्या दिवशी सकाळी अकरा चाळीसला ठोकणं सुरू झालं. तीन ठोके, मग शांत, पुन्हा तीन.

"आज काहीतरी वेगळंच वाजतंय हो," बायको म्हणाली. "जरा वर जाऊन बघा ना."

"आणि दहा दिवसांची मेहनत पाण्यात घालू? चिडवतोय म्हातारा."

"मग मी जाते."

"तू गेलीस काय नि मी गेलो काय, एकच. गप बस."

ती बसली. बारा पंचवीसला आवाज थांबला. मी लिहिलं : पंचेचाळीस मिनिटे, थांबून थांबून, मुद्दाम. त्या दिवशी दोन घास जास्तच जेवलो.

दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी भेटायला आली. दार उघडेना म्हणून तिनं कुलूप तोडून घेतलं. तो पलंगाजवळ पडलेला होता, खुबा मोडलेला. जाऊन एक दिवस झाला होता.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली.

"काका, बाबांच्या हातात हातोडी होती. काम करता करता गेले, की कुणाला बोलवत होते? तुम्हाला ऐकू आलं असेल ना?"

वही समोरच उघडी होती. मी वहीच्या पानावर हात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रोजच्यासारखंच ठोकत होते," मी म्हणालो. "मग थांबले."

तिला ते पटलं नसावं. तिनं माझ्या बायकोकडे पाहिलं. आमच्या हिला जन्मात कधी खोटं बोलता आलेलं नाही.

"हो गं," बायको म्हणाली. "काम करता करताच गेले. त्रास नाही झाला त्यांना."

मुलगी तिच्या गळ्यात पडून रडली. जाताना जरा हलकी दिसली.

दार लावल्यावर मी म्हणालो, "बरं केलंस."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. महिना झाला त्याला. ताट वाढते, चहा आणून ठेवते, आणि माझ्याशी एक शब्द बोलत नाही.