काकडीतलं कॅल्शियम

विरोवो आणि चेर्वेन रिद या दोन गावांत मिळून एकच शाळा ठेवायची, असं नगरपालिकेचं ठरलं तेव्हा पहिली अडचण ही आली, की दोन्ही शाळांत मुलं नऊ-नऊच निघाली. चेर्वेन रिदमध्ये दहावा एक होता, पण त्याचं कुटुंब जूनमध्ये स्पेनला गेलं. दोन्ही शाळांची छपरं सारखीच गळत होती. दोन्हीकडे वाजवायची जुनी पेटी होती आणि दोन्ही पेट्यांचा तोच एक सूर बंद होता.

उपमहापौर त्रायचो बोनेव यांनी बारा वर्षांच्या कारकिर्दीत, पुढे कुणी बोट दाखवू शकेल असा एकही निर्णय घेतला नव्हता. याही वेळी घ्यायचा त्यांचा विचार नव्हता. नेमकं तेव्हाच वरून एक परिपत्रक आलं की शाळेच्या जेवणात रोज स्थानिक कच्ची भाजी असावी. बोनेवांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. विरोवो गाव काकडीचं. चेर्वेन रिद लाल ढोबळी मिरचीचं. ज्या गावची भाजी कच्ची खाल्ल्यावर जास्त पौष्टिक, त्या गावात स्वयंपाकघर राहील; आणि जिथे स्वयंपाकघर तिथे शाळा. कागदावर हे इतकं शहाणपणाचं दिसत होतं, की हरकत कशाला घ्यायची हेच कुणाला सुचलं नाही.

तुलना करायला तज्ज्ञ हवा होता. दोन्ही गावांत मिळून रसायनशास्त्राची पदवी एकट्या नेद्याल्कोकडे होती. तो विरोवोचाच, विरोवोच्या शाळेत शिकलेला, आणि आता तिथे रसायनशास्त्र, जीवशास्त्र, चित्रकला आणि कवायत शिकवणारा. चेर्वेन रिदच्या मुख्याध्यापिका रायना बाईंनी, तज्ज्ञ समोरच्या गावचा आहे म्हणून तक्रार करायला हवी होती. त्यांनी केली नाही. त्या म्हणाल्या, करू दे की मास्तरांना. तेव्हाच नेद्याल्कोच्या लक्षात आलं की बाईंनी आकडे आधीच बघून ठेवलेत.

त्याने त्या संध्याकाळी वहीत दोन रकाने आखले. शंभर ग्रॅम कच्च्या लाल ढोबळीत सी व्हिटॅमिन सव्वाशे मिलिग्रॅमच्या वर, काकडीत तीन. चोथा ढोबळीत काकडीच्या चौपट. पोटॅशियम ढोबळीत जास्त. डोळ्यांसाठी जे काही लागतं, ते ढोबळीत इतकं जास्त की त्याने तो आकडा बारीक अक्षरात लिहिला. काकडी पुढे होती ती पाण्याच्या बाबतीत. पंच्याण्णव टक्के. नेद्याल्को बराच वेळ त्या पंच्याण्णवकडे बघत राहिला. आपल्या गावाने तीन पिढ्या उन्हात राबून हिरव्या सालात पाणी भरलं, एवढंच त्यातून निघत होतं.

मग त्याला के व्हिटॅमिन सापडलं. ढोबळीत पाच मायक्रोग्रॅम, काकडीत सोळा. तिप्पट. रक्त गोठायला लागतं ते. मुलं पडतात, गुडघे फोडून घेतात, रक्त थांबायला नको का? यावर परिच्छेदभर लिहिता आलं असतं. फक्त एक गोष्ट होती, ते बहुतेक सगळं सालात असतं.

नमुना शहरातल्या प्रयोगशाळेत पोचवायचा होता आणि तज्ज्ञाने त्याला हात लावायचा नाही असा नियम बोनेवांनी घातला होता. म्हणून तो न्यायचं काम स्तोयमेन्का आजीकडे आलं. आजी एकाहत्तर वर्षांची, शाळेची स्वयंपाकीण. नेद्याल्को पहिलीत असतानाही तीच स्वयंपाकीण होती. तिला तेरा ऑगस्टला डोळे दाखवायला शहरात जायचंच होतं.

"कच्ची न्यायची," नेद्याल्को म्हणाला. "सालासकट. धुवायची, पुसायची, पिशवीत घालायची. बास."

"बास म्हणजे?"

"बास म्हणजे बास, आजी."

आजीने मान डोलावली. डॉक्टरने मीठ कमी करा म्हटल्यावरही ती अशीच डोलावते.

चेर्वेन रिदकडून रायना बाईंच्या सासूबाई निघाल्या होत्या. दोघी एकाच बसने गेल्या, शेजारी शेजारी बसल्या, आणि दोन्ही गावांतल्या कुणाचं काय दुखतंय याचा पूर्ण आढावा घेऊन संध्याकाळच्या बसने परत आल्या. डबे नीट पोचले, असं दोघींनी सांगितलं. डबे हा शब्द नेद्याल्कोला खटकायला हवा होता.

आठवड्याने नगरपालिकेच्या सभागृहात बैठक झाली. विरोवोचे पंधरा-वीस लोक, चेर्वेन रिदचे तेवढेच, पहिल्या रांगेत दोन्ही म्हाताऱ्या. बोनेवांनी प्रयोगशाळेचा अहवाल स्वतः वाचला आणि वाचून झाल्यावर बेरीज सांगितली. ग्रॅम, मिलिग्रॅम, कॅलरी असं जे जे होतं ते सगळं त्यांनी रात्री बसून एकत्र मिळवलं होतं. ढोबळी एकशे सव्वीस. काकडी तीनशे चार.

विरोवोकरांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, आमच्या मातीतच आहे ते. रायना बाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला.

बोनेवांनी कागद नेद्याल्कोपुढे सरकवला. तज्ज्ञाने सही करायची, की निकाल पक्का.

त्याने आकडे पाहिले. काकडी: प्रथिनं सहा ग्रॅम, चरबी आठ ग्रॅम, मीठ सव्वा ग्रॅम, कॅल्शियम एकशे नव्वद मिलिग्रॅम. के व्हिटॅमिन अगदी किंचित. ढोबळी: सी व्हिटॅमिन असायला हवं त्याच्या निम्मं, शिवाय खाली बारीक टीप, लसूण आढळला. प्रयोगशाळेचं काम मोजण्याचं, विचारण्याचं नव्हे. डब्यात जे आलं ते त्यांनी दळलं आणि मोजलं.

नेद्याल्कोने पहिल्या रांगेकडे पाहिलं. स्तोयमेन्का आजी त्याच्याकडे बघून अशी हसली, जशी सणाच्या दिवशी पाव फुगल्यावर हसते.

सही केली की शाळा राहत होती. त्याची नोकरी, आजीचं स्वयंपाकघर, नऊ मुलांची पायी पोचण्याजोगी शाळा. कुणी विचारणार नव्हतं, कारण विचारता येण्याइतकं रसायनशास्त्र या खोलीत त्याच्या एकट्याकडे होतं. त्याने पेनचं टोपण काढलं. मग त्याला आठवलं की ऑक्टोबरमध्ये सातवीला 'अन्नघटक' हा धडा असतो. सातवीत दोनच मुली आहेत आणि त्यातली वेलिच्का सगळं विचारते. काकडीत कॅल्शियम कुठून आलं, हे ती विचारणार. त्याने टोपण परत लावलं.

"हे चीज आहे," तो म्हणाला.

"काय आहे?" बोनेव म्हणाले.

"काकडीत चीज आहे. आणि ती सोललेली आहे."

सगळे आजीकडे वळले. आजीला यात उत्तर देण्यासारखं काय आहे तेच कळेना.

"मग? नुसती काकडी न्यायची? शहरात? परक्या माणसांपुढे सालासकट काकडी आपटायची आणि यायचं निघून?" ती नेद्याल्कोकडे वळली. "तुझी आई असती तर तिने तुला जाब विचारला असता."

सभागृहात कुजबुज झाली आणि ती सगळी आजीच्या बाजूची होती. चेर्वेन रिदचे लोकसुद्धा म्हणाले की बाईचं चुकलं नाही. चीज न किसता काकडी कुणापुढे ठेवायची म्हणजे त्याला हाकलून देण्यासारखंच. बोनेवांनी मग रायना बाईंच्या सासूबाईंना विचारलं की ढोबळी कच्ची द्यायची होती, मग तिच्यात लसूण कसा काय.

"कच्ची?" सासूबाई म्हणाल्या. "प्रयोगशाळेतल्या त्या पोरी काय बकऱ्या आहेत? पांढरा कोट घालून बसल्या होत्या बिचाऱ्या." त्यांनी ढोबळ्या भाजल्या होत्या, सोलल्या होत्या, लसूण आणि तेल लावलं होतं. चीज मात्र घातलं नव्हतं, कारण ऑगस्टमधले मरियमचे उपास चालू होते आणि त्यांत दूधदुभतं चालत नाही. चेर्वेन रिदला नवे पाद्री आलेत आणि ते उपास कोण मोडतंय यावर लक्ष ठेवतात. विरोवोला पाद्री महिन्यातून एकदा येतात, तेही मोटार सुरू झाली तर.

म्हणजे दोन्ही बाजूंनी, जे कुणीही केलं असतं तेच केलं होतं. बोनेवांना हे फार आवडलं. कुणाचीच चूक नाही, निकाल तोच. त्यांनी कागद पुन्हा पुढे सरकवला.

"चीज कुठलं होतं?" रायना बाईंनी विचारलं. आवाज अगदी शांत. वर्गात मागच्या बाकावर कुणी काय लपवलंय हे माहीत असताना त्यांचा आवाज असाच लागतो.

"तुमच्याकडचंच," आजी अभिमानाने म्हणाली. "मेंढीचं. आमच्यात मेंढ्या कुठे उरल्यात? आणि दुकानातलं रबर घालणार का मी? मुद्दाम तुमच्या डेअरीतून आणवलं."

बोनेवांनी खिशातून पेन्सिल काढली. आधी त्यांनी काकडीतून चीज वजा केलं. मग, ते ज्या गावचं त्या गावाकडे जमा करायचं हे न्यायाचंच होतं, म्हणून ढोबळीत मिळवलं. काकडी एकवीस. ढोबळी चारशे नऊ. विरोवोच्या एकाने विचारलं की असं करता येतं का. बोनेव म्हणाले, करून झालं. पण त्यांनाही कुठेतरी खटकलं असावं, कारण त्यांनी तज्ज्ञाला विचारलं, निकाल बरोबर आहे ना?

"निकाल बरोबर आहे," नेद्याल्को म्हणाला. "कारण चुकीचं आहे."

"कारण इतिवृत्तात लिहायचं नसतं," बोनेव म्हणाले.

नेद्याल्कोने सही केली.

परतीच्या बसमध्ये स्तोयमेन्का आजी त्याच्या शेजारी बसली. गावातल्या बाकीच्यांनी पुढच्या जागा धरल्या होत्या आणि कुणी मागे वळून बघत नव्हतं. तिच्या मांडीवर रिकामा डबा होता. प्रयोगशाळेने तो धुऊन, चिठ्ठी लावून नगरपालिकेकडे परत पाठवला होता.

"सालात काय होतं रे असं?" तिने विचारलं.

त्याने के व्हिटॅमिनबद्दल सांगितलं. रक्त गोठणं, गुडघे, सगळं.

"हे आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. सालासकट म्हटलं होतं."

"सालासकट म्हणालास. कशासाठी ते नाही म्हणालास." तिने डब्याचं झाकण उघडून बंद केलं. "साल ठेवलं असतं तर जिंकलो असतो?"

त्याने विचार केला. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "मिरची खूप पुढे आहे. तीन आणि सव्वाशे."

आजीने सुस्कारा सोडला. मग म्हणाली की तरी बरं, निदान सोललेली तरी होती. पुढचा थांबा यायच्या आत तिला झोप लागली.

पंधरा सप्टेंबरला शाळा चेर्वेन रिदमध्ये भरली. आजीला तिथे मदतनीस म्हणून घेतलं, कारण रायना बाईंच्या सासूबाईंनी तसं सांगितलं. नेद्याल्कोलाही घेतलं, चित्रकला सोडून सगळं. नगरपालिकेने विरोवोच्या मुलांसाठी छोटी गाडी दिली. गाडीत आसनं दहा, त्यातलं एक ड्रायव्हरचं. मुलं नऊ. आजी पहाटेच दूधवाल्याबरोबर गेली होती. नेद्याल्को मुलांना बसवून, दार लावून, चार किलोमीटर चढावर चालत निघाला आणि पहिल्याच दिवशी वीस मिनिटं उशिरा पोचला. रायना बाईंनी हजेरीपुस्तकात त्याच्या नावापुढे तसं लिहिलं. कारण लिहिलं नाही.