कायमचा पत्ता

डॅड गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी ग्लेनिसने मला तिच्या व्हॅनमध्ये बोलावून चहा दिला आणि मी बसायच्या आतच म्हणाली, "पोरी, मृत्यूच्या नोंदणीला जाशील तेव्हा पत्ता तुझ्या लीड्सच्या घराचा सांग हं."

ग्लेनिस डॅडची शेजारीण. एच रांगेत एकेचाळीस नंबरला डॅड, बेचाळीसला ती. दोघांचीही घरं चाकांवरची, पण अकरा वर्षांत जागची न हललेली. समुद्रकाठचा हा पार्क सुट्टीसाठी आहे. इथे कायमचं राहायला परवानगी नाही. त्यामुळे पाच जानेवारीला फाटक बंद होतं, पाणी तोडतात, आणि चौदा फेब्रुवारीपर्यंत सगळ्यांनी आपापल्या खऱ्या घरी जायचं असतं. ज्यांना खरं घर नाही ते कुणाचा तरी पत्ता ऑफिसात देतात. डॅडनी माझा दिला होता. दर शरद ऋतूत मी एका कागदावर सही करायची: क्लाइव्ह हॅरप माझ्याकडे राहतात.

"मला खरं लिहायचंय, ग्लेनिस," मी म्हणाले. "ते इथे राहत होते. एवढी एकच जागा त्यांची होती."

"ते मला ठाऊक नाही का? त्याच्या पायऱ्यांचा रंग मी निवडलाय." तिने बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला. "पण त्या कागदाची प्रत पार्कच्या ऑफिसला द्यावी लागते. त्यावर एच एकेचाळीस दिसलं की ते एक-एक दार वाजवत येतील. माझी बहीण मला सहा आठवडे सोसते, गेनर. बारा महिने नाही सोसणार."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, आणि जायला जागा नाही हे तिने बिस्किट चहात बुडवता बुडवता सांगितलं होतं.

दहा वर्षं डॅड ते सहा आठवडे माझ्याकडे काढायचे. निघण्याआधी नळ उघडे टाकून पाइपांतलं सगळं पाणी काढून टाकायचे, म्हणजे थंडीत पाइप फुटत नाहीत. मग माझ्या मागच्या खोलीत येऊन राहायचे, आणि शेजाऱ्यांना सांगायचे, "सुट्टीवरून सुट्टीवर आलोय." गेल्या डिसेंबरात माझी मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन घरी परतली. मागची खोली तिला दिली. सोफा होता. मी फोनवर म्हणाले, "डॅड, या वर्षी जरा अवघड दिसतंय."

"अगं, त्यात काय. हल शहरातला वॉल्टर कधीचा मागे लागलाय. त्याच्या हातचं करपलेलं खाऊन येतो."

वॉल्टर म्हणजे त्यांचा बोटीवर नोकरीला असतानाचा मित्र. दर रविवारी डॅडचा फोन यायचा. वॉल्टरने कोंबडी भाजली, वॉल्टर पत्त्यांत लबाडी करतो. एकदा त्यांच्या आवाजामागे सीगल पक्षी ओरडत होते, आणि अगदी जवळ लाटा. हलमध्येही सीगल असतात, असं मी स्वतःला सांगितलं. लाटांबद्दल काहीच सांगितलं नाही.

फाटक उघडलं त्या सकाळी ग्लेनिस परतली आणि तिला एकेचाळीसचे पडदे कपड्यांच्या चिमट्यांनी घट्ट लावलेले दिसले. डॅड आत होते. दोन कोट, त्यावर रजई. बाहेर उजेड दिसू नये म्हणून सहा आठवडे दिवा लावला नव्हता. स्वयंपाकाच्या ओट्याखाली दुधाच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून ठेवलेलं, अर्ध्या बाटल्या अजून शिल्लक. पाइप मात्र त्यांनी नेहमीसारखे कोरडे करून ठेवले होते. एकही फुटला नव्हता. इस्पितळात ते चार दिवस होते. नर्सने पत्ता विचारला तेव्हा छातीतली घरघर थांबवून म्हणाले, "सुट्टीवर आलोय."

नंतर त्यांच्या फोन नंबरांच्या वहीत वॉल्टरचं नाव सापडलं. त्यावर पट्टीने सरळ रेघ मारलेली होती. बाजूला तारीख, दोन वर्षांपूर्वीची.

नोंदणी कार्यालयातली बाई माझ्याच वयाची होती. तिने जन्मगाव विचारलं, धंदा विचारला. मग म्हणाली, "कायमचा पत्ता?"

मी टेबलावरच्या पेनाकडे बघत राहिले. तिला वाटलं मी रडतेय. तिने कागदी रुमालांचा खोका पुढे केला. मला एच एकेचाळीस म्हणायचं होतं. पायऱ्या हिरव्या होत्या. खिडकीत टोमॅटोची तीन रोपं होती. वाऱ्याचा जोर असला की सगळं घर किंचित हलायचं आणि डॅड म्हणायचे, बोटीवर झोप लागते तशी लागते. पण डोळ्यांपुढे ग्लेनिस बिस्किट बुडवत होती.

मी माझ्या घराचा पत्ता सांगितला.

"म्हणजे तुमच्याकडेच असायचे," बाई म्हणाली. "बरं असतं तसं."

"हो," मी म्हणाले.

तिने काळ्या शाईत ते लिहिलं आणि वाचून घ्यायला कागद माझ्याकडे फिरवला. चूक असेल तर आत्ताच सांगा, नंतर दुरुस्ती फार त्रासाची असते, असंही सांगितलं. मी वाचलं. सही केली.

पार्कच्या ऑफिसात गेले तेव्हा काउंटरवर एक नवीन मुलगी होती. व्हॅन जुनी झाल्याने दुसऱ्या कुणाच्या नावावर होणार नाही, अठ्ठावीस दिवसांत ओढून न्यावी लागेल, किंवा पार्कवालेच मोडीत काढतील, असं तिने हळू आवाजात समजावलं. मोडीत काढा, मी म्हणाले. किल्ली ठेवली. तिने दाखल्याची प्रत घेतली, जुनी फाइल उघडली, आणि माझ्या सह्यांचे अकरा कागद एकेक उलटत बोट फिरवलं. अकरावा मी गेल्याच ऑक्टोबरात पाठवला होता.

"पत्ता जुळतोय," ती म्हणाली. "बरं झालं. काही लोक काय करतात माहितीये, इथेच राहायला लागतात."

बाहेर ग्लेनिस तिच्या पायरीवर उभी होती. तिने विचारलं नाही. मी होकारार्थी मान हलवली, तशी ती आत गेली आणि तिने पडदा सारखा केला.